अनधिकृत भाकरी

द्राक्षं बाजारात आली की माझं डोकं फिरतं. नाशिकच्या बाईने असं बोलणं म्हणजे घरातल्याच माणसाला नावं ठेवणं, पण आहे ते आहे. जानेवारी सरत आला की गंगापूर रोडला कोपऱ्याकोपऱ्यावर हातगाड्या लागतात. घड रचलेले असतात, गाडीवाला मधूनमधून पाण्याचा शिपका मारून ते चमकवतो आणि "घ्या ताई, साखर आहे नुसती साखर!" म्हणून ओरडतो. मी मान वळवून पुढे निघते. काल एकाने तर दोन मणी माझ्या हातावरच ठेवले. चाखून तर बघा, म्हणाला. मी ते तसेच त्याच्या गाडीवर परत ठेवले. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला काय माहीत, त्याचा काही दोष नव्हता.

दहा वर्षं झाली याला. दर हंगामाला वाटतं, यंदा राग निवळेल. कसला निवळतोय! लोणच्यासारखा मुरत चाललाय.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे राग कुणाचा आणि कशाचा ते कळेल. मी करुणा. ख्रिस्ती घरातली, शरणपूरच्या बाजूला वाढलेली, ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेली. एका मंडळीत सेवा करते. सेवा हा शब्द आमच्यात फार गोड आहे. त्यात काय काय येतं ते ऐका: संडे स्कूल, नाताळची नाटुकली, महिला सभेचा चहा, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरी पहिल्या दिवशीचा डबा, आणि पाळकसाहेबांना उपदेशासाठी टिपणं काढून देणं. व्यासपीठावर मी वर्षातून दोनदा उभी राहते. एकदा महिला रविवारी आणि एकदा साहेबांचा घसा बसला तर. शास्त्राचा अर्थ सांगायला मी चालते. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरसाबरोबर वाटायची, भाकर मोडायला चालत नाही, कारण त्याला दीक्षा लागते, आणि दीक्षा आमच्याकडे पुरुषाला मिळते. बाईने पाळकाशी लग्न केलं तर ती पाळकीण होते. बाई स्वतः पाळक झाली तर तिला काय म्हणायचं याला आमच्या मंडळीत शब्दच नाही. शब्द नाही म्हणून माणूसही नाही, असा सरळ हिशेब.

पण मला चीड नुसती त्याची नाही. तेवढीच असती तर मी सुखाने चिडले असते. आपल्यावर अन्याय झाला म्हणून चिडण्यात एक आराम असतो, मान ताठ ठेवता येते. माझी मान ताठ राहत नाही, कारण अन्याय करायला मी आधीच शिकलेली होते, आणि तो शिकले ते निफाडच्या एका द्राक्षबागेत.

अठ्ठ्याण्णव सालचा हंगाम. माझं शेवटचं वर्ष. आमच्या विद्यालयात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला रविवारच्या सेवेसाठी कुठेतरी पाठवायचे आणि त्यावर अहवाल लिहायला लावायचे. त्या अहवालावर निकालाचा बराच भार असायचा. मुलांना शहरातल्या मंडळ्या मिळाल्या, जिथे पंखे होते, पेटी होती, उपासनेनंतर कुणाच्या तरी घरी मटण होतं. मला मिळाल्या बागा. "तुला माणसांत मिसळता येतं, करुणा," सर म्हणाले. मी फुशारले. आता कळतं, तिकडे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सकाळची एस.टी. धरायची, निफाडच्या अलीकडे उतरायचं आणि उसाच्या कडेकडेने पंचवीस मिनिटं चालायचं. मग बाग. ज्याने द्राक्षबाग बाहेरूनच बघितलीय त्याला तिचा खरा स्वभाव कळत नाही. मांडवाखाली शिरलं की उजेड बदलतो, हिरवट होतो, आणि डोक्याला घड लागू नयेत म्हणून उंच माणसाला वाकून चालावं लागतं. औषधफवारणीचा वास घशात बसतो. फुटलेल्या मण्यांवर मधमाश्या घोंघावतात, पायाखाली चिकट होतं. आणि त्या सगळ्या गोडव्यात बायका सकाळपासून उभ्या, हात वर करून, कात्रीने घड छाटत. दिवसभर हात वर. संध्याकाळी त्यांना स्वतःच्या डोक्याला तेल लावायला हात उचलत नसे, हे मला एकीने हसत हसत सांगितलं होतं.

ही माणसं पेठ-सुरगाण्याकडची. भात आणि नागली घरात आली की डोंगर उतरायचे, बागांमध्ये कामाला लागायचे आणि शिमग्याला परत. त्यांच्यातली आठ-दहा घरं ख्रिस्ती होती. बांधावर प्लास्टिकचे कागद ताणून झोपड्या केलेल्या. रविवारची सुट्टी नव्हती, कारण तयार घड कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून माझी उपासना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. सगळा मिळून अर्धा तास. त्यातच त्यांनी खायचं, पाणी प्यायचं, पोराला पाजायचं, आणि माझं ऐकायचं.

मी पहिले दोन रविवार चित्रं लावून शिकवलं. फळ्यावर फ्लॅनेलचं कापड आणि त्याला चिकटणारी कागदी माणसं. गोरा गोरा मेंढपाळ, निळ्या डोळ्यांचा. द्राक्षवेलीचं चित्रसुद्धा नेलं होतं मी, काय सांगू! द्राक्षाच्या बागेत, द्राक्ष तोडणाऱ्या बायकांना, मी पुठ्ठ्याची द्राक्षवेल दाखवून छाटणीचा आध्यात्मिक अर्थ समजावत होते. छाटणी वर्षातून एकदा होते, असं माझ्या टिपणात होतं. समोर बसलेल्या बाया जन्मभर बागांत राबलेल्या; एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन होतात हे त्यांच्या पोरांनाही माहीत. त्या एकमेकींकडे बघून गालात हसल्या. कुणी मला दुरुस्त केलं नाही. एवढा मोठेपणा त्यांच्यात होता, आणि मला तो तेव्हा अज्ञान वाटला.

त्यांच्यात मोठी होती यमुनामावशी. पन्नाशीची असेल. बारीक, काळीसावळी, हातावर गोंदण, आवाज मात्र खणखणीत. तिला वाचता येत नव्हतं. मला ती "बाय" म्हणायची आणि सरळ अरेतुरे करायची, त्यांच्याकडे तीच रीत. तिसऱ्या रविवारी मी पोचले तेव्हा ती म्हणाली, "बाय, आज तुझी चित्रं राहू दे. आज आमच्यासंगं बस."

मी बसले. सगळे मातीत गोल करून बसले होते. मधे एका फडक्यावर नागलीची भाकरी, एकच, जाड, तव्यावर जरा करपलेली. शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा, जर्मनचा पेला. बायकांनी गळालेले मणी वेचून आणले होते, ज्यांना बाजारात कुणी विचारत नाही असे. यमुनामावशीने ते फडक्यात घेऊन पेल्यात पिळले. हात धुतले होते तिने, नखांत मात्र बागेचं हिरवं तसंच होतं. मग तिने डोळे मिटले आणि बोलायला लागली. त्यांच्या बोलीत. ते पाठ केलेलं होतं हे लगेच कळत होतं, पण आमच्या उपासनेच्या पुस्तकातलं नव्हतं. भाताच्या आवणीला बाया ओळीने रोप लावत पुढे सरकतात, तशी त्याला एक लय होती. सगळं मला समजत नव्हतं. प्रभू चालून चालून दमून आलाय, त्याला बसायला जागा करा, असं काहीतरी सुरुवातीला होतं. तो आपल्या मजुरांबरोबर जेवायला बसलाय, असं पुढे होतं. बाकीचं मला आठवत नाही. आठवत नाही, हे लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग तिने डोळे उघडले आणि विचारलं, "या आठवड्यात कोणाचं लय वाईट गेलं?"

अशी त्यांची पद्धत होती. ज्याचा आठवडा सगळ्यात वाईट गेला त्याला पहिला तुकडा. आमच्याकडे पहिला तुकडा पाळक घेतात, मग पंच, मग बाकीची मंडळी. इथे सगळे एका पोरीकडे बघायला लागले. कमळ तिचं नाव. नवीन लग्न झालेली, अठरा-एकोणीसची. त्या बुधवारी कामावरच तिचं पोट पडलं होतं, आणि शुक्रवारी ती पुन्हा कात्री घेऊन उभी होती. यमुनामावशीने भाकरी मोडली, पहिला तुकडा कमळच्या तळहातावर ठेवला आणि तिचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून घेतलं.

मला भरून आलं होतं. हे मी शपथेवर सांगते. तीन वर्षं मी प्रभुभोजन या विषयावर टिपणं काढत होते, निरनिराळ्या मतांचे तक्ते पाठ करत होते, आणि जे मी शिकत होते ते पहिल्यांदा समोर बघत होते. आणि नेमकं तेव्हाच माझ्यातली हुशार विद्यार्थिनी जागी झाली. तिने माझ्या त्या भरून येण्याला गप्प केलं आणि म्हणाली, अगं, हे चालत नाही.

"मावशी, थांबा," मी म्हटलं. "हे असं करायचं नाही."

"काय करायचं नाय?"

"हे. याला अधिकार लागतो. दीक्षा झालेले पाळकच हे करू शकतात. तुम्ही नाही करायचं. मीसुद्धा नाही करू शकत." आणि मग, कारण सगळे नुसते बघत राहिले होते आणि मला ते बघणं सहन होईना, मी म्हटलं, "पाप लागेल."

पाप लागेल! हा शब्द कुठल्या पुस्तकात होता? कुठल्याच नाही. एवढं ईश्वरविज्ञान शिकून शेवटी मी लहान पोराला बागुलबुवा दाखवावा तसं बोलले.

यमुनामावशी वाद घालेल असं वाटलं होतं. घालायला हवा होता तिने. तिने माझ्याकडे बघितलं, मग कमळकडे. कमळच्या तळहातावर तो तुकडा अजून तसाच होता. मावशीने तो हळूच उचलून परत घेतला. "बाय शिकेल हाये," ती बाकीच्यांना म्हणाली. "तिला माहीत." मग तिने मिरचीचा ठेचा काढला, भाकरीचे तुकडे सगळ्यांना वाटले आणि आम्ही जेवलो. भाकरी तीच होती. पेल्यातला रस कुणीतरी वेलीच्या बुडाशी ओतून टाकला.

कमळ काही खात नव्हती. मी तिला दोनदा आग्रह केला, खाऊन घे गं म्हणून. केवढी माझी माया!

अहवाल मी सहा पानी लिहिला. अक्षर माझं चांगलं. स्थलांतरित मजुरांची आत्मिक स्थिती, अडचणी, सूचना. आणि तिसऱ्या पानावर, अधोरेखित करून: तेथे एक निरक्षर महिला अनधिकृतपणे प्रभुभोजनविधी चालवत असल्याचे आढळून आले, सदर प्रथा समजावून बंद करण्यात आली. ती काय म्हणत होती, त्यातला एक शब्द मी लिहून घेतला नाही. पहिला तुकडा कुणाला ते लिहिलं नाही. मला भरून आलं होतं तेही लिहिलं नाही. सरांनी समासात लाल शाईने शेरा दिला: निरीक्षण सूक्ष्म, सिद्धांताची पकड उत्तम. वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवलं. माझा वर्गमित्र प्रसन्न, जो दोन वर्षं ग्रीकमध्ये गटांगळ्या खात होता आणि माझ्या वह्यांवर तरंगत होता, त्याने टाळ्या वाजवल्या.

अहवाल पुढे मंडळ्यांच्या कमिटीपर्यंत, म्हणजे दीक्षा कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या माणसांपर्यंत, गेला. तिथून एक पाळकसाहेब जीपने बागेत आले, बरोबर लाकडी पेटी, पेटीत काचेचे बोटाएवढे पेले. पांढरा झगा घालून त्यांनी रीतसर प्रभुभोजन दिलं. फोटो काढले. दर महिन्याला येत जाईन म्हणाले. तो त्यांचा पहिला महिना आणि तोच शेवटचा.

दोन हजार साल उजाडलं, आणि आमची मंडळी आधुनिक झाली म्हणतात. गाण्यांच्या पुस्तकाऐवजी भिंतीवर प्रोजेक्टर आला. शब्द भिंतीवर, आणि बटण दाबणारा मागे राहिला की चारशे माणसं एकाच कडव्यावर उभी. उपदेशाच्या ऐन मध्यावर कुणाच्या तरी खिशात भजनाची रिंगटोन वाजते आणि तो माणूस लाजण्याऐवजी कौतुकाने आजूबाजूला बघतो. सकाळी सकाळी मोबाइलवर आशीर्वादाचे मेसेज, दहा जणांना पाठवा नाहीतर बघा हं, अशी वर धमकी. काचेचे पेले जाऊन प्लास्टिकचे आले, एकदा वापरा आणि फेकून द्या. त्यात ओतायचं सरबत बाटलीबंद, बाहेरगावाहून मागवलेलं. द्राक्षांच्या नाशकात! आणि गावात तोवर वाइनचे सोहळे सुरू झाले. मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात, टबात द्राक्षं तुडवतात, फोटो काढतात. नाशिक आता जगाच्या नकाशावर आलं, असं जो तो सांगतो. हात वर करून उभ्या असलेल्या बायका कुठल्या नकाशावर आहेत ते विचारू नका, मूड जातो लोकांचा.

मला पंखे नकोत, प्रोजेक्टर नको, असं नाही. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. मला चीड येते ती एवढ्याची की सगळं बदलायला ही माणसं एका पायावर तयार असतात, खुर्च्या, पडदे, पेले, आवाजाची यंत्रं, आणि भाकर कुणाच्या हातात हा प्रश्न आला की अचानक सगळ्यांना परंपरा आठवते.

दोन हजार तीनमध्ये मी दीक्षेसाठी अर्ज केला. प्रसन्नला तोवर दीक्षा मिळून दोन वर्षं झाली होती आणि तो आमच्याच मंडळीचा पाळक होता. कमिटीने मला बोलावलं. चहा दिला, खारी दिली. चेअरमन फार गोड माणूस.

"करुणाताई, तुमच्या ज्ञानाबद्दल कुणाचं दुमत आहे का सांगा बरं?"

"नाही ना? मग द्या दीक्षा."

"अहो, तसं नाही हो. मंडळीत फूट नको. म्हातारी माणसं आहेत, त्यांना मेजाजवळ बाई बघवणार नाही. आणि तुमची सेवा चालूच आहे की! दीक्षेने त्यात काय भर पडणार?"

"मग साहेबांच्या सेवेत काय भर पडली?" मी प्रसन्नकडे बोट करून विचारलं. तो खारीकडे बघत बसला. बरोबर आहे, खारी त्याला ग्रीक विचारत नव्हती.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. आमच्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक अंथरुणाला खिळलेले. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. दोन दिवस अन्न नव्हतं पोटात, आणि त्यांनी प्रभुभोजन मागितलं. प्रसन्न कुठल्याशा शिबिरासाठी थंड हवेच्या ठिकाणी गेलेला, फोन लागेना. गुरुजींच्या मुलीने मला बोलावलं. मी गेले. घरात पाव होता, तो मोडला. मनुके गरम पाण्यात चुरून घेतले. गुरुजींच्या ओठांना लावले. त्यांनी माझा हात धरला आणि "बरं झालं" म्हणाले. एवढंच. त्या घरात कुणालाही ते चुकीचं वाटलं नाही. आठवड्याने गुरुजी गेले आणि दहा दिवसांनी मला कमिटीचं पत्र आलं. आपण अनधिकृतपणे प्रभुभोजनविधी चालवत असल्याचे आढळून आले. यापुढे असे आढळल्यास सेवेतून मुक्त करण्यात येईल.

तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र हातात घेऊन मी घरभर फिरत होते, अनधिकृत म्हणे, अनधिकृत, यांना हा शब्द सुचतो तरी कसा. आणि न्हाणीघराच्या दारात माझे पाय थांबले. शब्दाला शब्द, तेच वाक्य. प्रभुभोजनविधी. आढळून. हे यांना सुचलेलं नव्हतंच. हे मी लिहिलं होतं. कार्यालयातल्या कुणीतरी असं पत्र कसं लिहायचं म्हणून जुन्या फायली चाळल्या असतील आणि त्यांना माझा नमुना सापडला असेल. चांगल्या अक्षरातला, अधोरेखित.

त्या दिवसानंतर मी कमिटीवर पूर्वीसारखी रागावू शकत नाही. म्हणजे रागावते, भरपूर रागावते, पण मध्येच वाक्य तुटतं. गुरुजींच्या ओठांवरून कुणी पाव काढून घेतला नव्हता, माझ्या हातातून हिसकावलाही नव्हता, मला नुसतं पत्र आलं. कमळच्या हातातून तुकडा काढून घ्यायला लावला तो मी. माझ्यापेक्षा कमिटी परवडली म्हणायची.

आणि तरी यमुनामावशीकडे जायला मला तीन वर्षं लागली. काय सांगत होते मी स्वतःला? संडे स्कूलच्या परीक्षा आहेत, पाऊस आहे, एस.टी. नाही. माफी मागायची वेळ आली की माणसाला वेळापत्रक आठवतं. गेल्या शिमग्यानंतर मात्र गेले. बागेत विचारलं तर ती आता येत नाही, पोरं येतात, असं कळलं. मग पेठच्या पुढे, जिथे डांबर संपतं तिथून पायी. मोहाचा वास येत होता. वाटेत मी काय बोलायचं त्याची तालीम करत होते. उपदेशाची करते तशी, तीन मुद्द्यांची. सवय जात नाही.

यमुनामावशी ओसरीवर बसून नागली पाखडत होती. एका डोळ्यात फूल पडलेलं. मला आवाजावरून ओळखलं. "चित्रंवाली बाय का?" म्हणाली, आणि आत पाणी आणायला उठली. मी तिला खाली बसवलं आणि मुद्देबिद्दे सोडून सरळ म्हटलं, "मावशी, माझं चुकलं होतं. त्या वेळी बागेत तुम्ही जे करत होता ते बरोबर होतं. मी थांबवायला नको होतं. तुम्ही ते परत सुरू करा, हे सांगायला आलेय."

तिने सूप बाजूला ठेवलं. "आता नाय येत," म्हणाली.

"म्हणजे? इथे कुणी नाही म्हणतं का?"

"कोणी नाय म्हणत. शब्द नाय येत." ती कपाळाला हात लावून आठवायला लागली. ओठ हलले, पहिली एक ओळ आलीसुद्धा, प्रभू दमून आला ती, आणि तिथंच अडली. "माझा बाप म्हणायचा ते. तो गावोगाव पायी फिरायचा. जुन्या पाळकबाबानं त्याला सांगेल व्हतं, मी जिथं पोचत नाय तिथं तू भाकर मोड. त्याचं ऐकून ऐकून मला पाठ. मंग तू म्हणली पाप लागंल. तरी तोंडात यायचं ते. भाकरी थापताना यायचं, आवणीत यायचं. आलं की मी दुसरंच काही बोलायची. गाईला हाक मारायची, पोरीला ओरडायची. असं करत करत इसरले."

ती विसरली नव्हती, ती विसरायला शिकली होती. रोज, थोडं थोडं, माझ्या एका वाक्यासाठी. मी इतकी वर्षं उपदेश करतेय, धडे देतेय, समजावतेय. माझं कुणी कधी इतकं ऐकलेलं नाही.

तिच्याशिवाय ते शब्द दुसऱ्या कुणाला येत होते का, असं मी विचारलं. कमळला थोडं थोडं यायचं, म्हणाली, पण ती आता नवऱ्याबरोबर गुजरातला असते आणि या वाटेला येत नाही. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. लिहिता येणारी एकच बाई त्या गोलात बसली होती.

बाजूच्या सुपातला एक खडा तिने चाचपून बाहेर टाकला. मग तिने माझ्याकडे तोंड केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाय, एक सांग. माझा बाप तर मरेपर्यंत ते करायचा. त्याला लागलं असंल का गं पाप?"

नऊ वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती. नागली पाखडताना, भात लावताना, मेलेल्या बापाची काळजी करत.

"नाही हो मावशी. नाही लागलं. कुणालाच नाही लागलं."

"नक्की?"

"नक्की."

"तव्हा माहीत व्हतं का तुला हे?"

खोटं बोलता आलं असतं. नव्हतं माहीत, लहान होते, असं म्हणता आलं असतं आणि तिने ते मानलंही असतं. पण त्या दुपारी मला भरून आलं होतं ते खरं होतं. "होतं," मी म्हटलं. "थोडं थोडं होतं."

"मंग तसं का बोलली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती.

"मला परीक्षेत पहिला वर्ग पाहिजे होता, मावशी."

तिने मान हलवली. समजलं, अशा अर्थाने. सूप परत मांडीवर घेतलं, दोन वेळा पाखडलं, मग थांबली.

"मंग? मिळाला का?"

"मिळाला," मी म्हटलं.